कुशाबाईंच्या दारावरचे सतरा दिवस

मी एक जुने पितळी कुलूप आहे. माझा जन्म अलीगढचा, पण आयुष्य गेले बारामतीजवळच्या कन्हेरीत, सर्जेरावांकडे. मित्रांनो, माझी कहाणी ऐकताना तुम्हाला माझा राग जाणवेल. तो मी लपवणार नाही.

बारा वर्षे मी त्यांच्या विहिरीवरची मोटारीची खोली राखली. "कुलूप न्हाय, पहारेकरी हाय ह्यो," असे ते पाहुण्यांना सांगत. मला अभिमान वाटे.

गेल्या मे महिन्यात त्यांनी मला तिथून काढले आणि रस्त्याकडेच्या आपल्या भाड्याच्या खोल्यांपाशी आणले. चौथ्या खोलीत कुशाबाई राहत. नवरा गेल्यावर लेकीला, छकुलीला, घेऊन त्या सणसरहून इथे आल्या, त्याला नऊ वर्षे झाली होती. शाळेचे गणवेश शिवून त्या घर चालवत. भाडे त्यांनी कधी थकवले नव्हते. पण सर्जेरावांना ती खोली आता कंपनीतल्या कामगारांना जास्त भाड्याने द्यायची होती. मायलेकी दवाखान्यात गेल्याचे पाहून त्यांनी कडी लावली आणि मला तिच्यात अडकवले.

दुपारी कुशाबाई परतल्या. मला ओढून पाहिले. पुन्हा ओढले.

"आबा, ह्ये काय केलं? माझी मशीन आत हाय. शाळेचं कापड आत हाय. जून तोंडावर आला."

"तुझी खोली न्हाय ती. पाव्हणी म्हणून ठिवली हुती," सर्जेराव म्हणाले आणि गाडीला किक मारून निघून गेले.

पाहुणी! नऊ वर्षे भाडे देणारी पाहुणी! आणि हे खोटे टिकवायला त्यांनी मला वापरले.

मायलेकी सणसरला भावाकडे गेल्या. तिसऱ्या दिवशी त्या परत आल्या, तेव्हा सोबत पद्मा मॅडम होत्या. मॅडम वकील. कायद्याचे विद्यार्थी गोरगरिबांच्या केसेस विनामूल्य तयार करतात, त्यांच्या कामावर त्या देखरेख ठेवतात. निहार आणि उत्कर्षा हे त्यांचे दोन विद्यार्थीही आले होते.

मला पाहताच निहारने दगड उचलला.

"दगड खाली ठेव."

"मॅडम, एका घावात तुटेल."

"तुटेल. मग गुन्हा दाखल होईल तुझ्यावर आणि कुशाबाईंवर. सर्जेराव घरी बसून हसतील. चालेल?"

त्याने दगड टाकला. खरे सांगू? मी मनातून निहारच्या बाजूने होते.

उत्कर्षाने पायरीवर बसून न्यायालयात द्यायचा अर्ज लिहिला आणि मोठ्याने वाचला, "या नराधमाने एका अबलेला रस्त्यावर आणले..."

"नराधम खोड," मॅडम म्हणाल्या. "अबलाही खोड. नऊ वर्षं एकटीनं घर चालवलंय त्यांनी. कुलूप कोणत्या तारखेला लागलं? आत काय काय आहे? त्यांना विचारलंस?"

उत्कर्षाचे डोळे भरले. "मॅडम, तुम्हाला राग येत नाही?"

मॅडमनी मला हातात धरून पाहिले. "इतका येतो, की तोंड उघडायची भीती वाटते. म्हणून तर आधी तारीख विचारते."

उत्कर्षाने तो अर्ज चार वेळा लिहिला. भाडेकरार कागदावर नव्हता, म्हणून साक्षीदार हवा होता. शेजारच्या गोजरबाईंनी निहारला दोनदा दारातूनच परत पाठवले. "मी बी भाड्यानंच ऱ्हाते, लेकरा. उद्या माझ्या दाराला कुलूप लावलं म्हंजी?" तिसऱ्या वेळी तो कागद न घेता आला आणि त्यांचे म्हणणे तासभर नुसते ऐकत बसला. शेवटी त्याच म्हणाल्या, "आण तुजा कागद. नऊ वर्सं म्या डोळ्यांनी बघितलंय."

न्यायालयात विद्यार्थ्यांना बोलता येत नाही. मॅडम बोलल्या, मुले मागे कागद धरून बसली, असे मला नंतर कळले. सतराव्या दिवशी न्यायालयाचा बेलीफ हुकूम घेऊन आला. "किल्ली हरवली," सर्जेराव म्हणाले. बेलीफने कटर मागवला आणि पंचांसमोर मला कापले. मला दुःख झाले नाही. सुटल्यासारखे वाटले.

दार उघडले आणि कुबट वास बाहेर आला. मधल्या काळात वळीव दोनदा येऊन गेला होता. पत्रा गळतो तिथे कुशाबाई बादली ठेवत. या वेळी बादली ठेवायला आत कोणी नव्हते. निळ्या कापडाच्या गठ्ठ्यावर बुरशी चढली होती. शाळेने काम केव्हाच दुसऱ्याला दिले होते. कुशाबाई मशीनच्या चाकावर हात ठेवून खाली बसल्या. छकुली कापड झटकू लागली, तशी तिला त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, बाळा."

"मॅडम, आपण जिंकलो ना?" उत्कर्षाने हळूच विचारले.

"दार उघडलं," मॅडम म्हणाल्या. "आता काय काय गेलं ते त्यांच्याजवळ बसून लिही. भरपाईचा अर्ज करायचाय."

सर्जेरावांनी मला परत नेले नाही. मी तिथेच पायरीखाली पडून आहे.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, घरे बांधाल, भाड्याने द्याल. कुलपे जरूर घ्या, ती आपल्या दाराला लावा. दुसऱ्याच्या चुलीला आणि कामाला कुलूप लावू नका. आणि कुणी लावलेले दिसले, तर मान खाली घालून पुढे जाऊ नका. मी तिथे लटकत होते, तेव्हा सतरा दिवस सारा रस्ता तसाच गेला. तुम्ही थांबा. आत कुणाचे काय राहिले आहे, ते विचारा.