दुखत नाही

"अगं, पायात पिन रुतलीय तुझ्या," मावशींचा नवरा म्हणाला.

मोजा रक्ताने ताठ झाला होता. मावशींनी वाकून पाहिलं. अंगठ्यात नोटीसबोर्डाची पिन. ड्यूटीचा तक्ता सोमवारी त्यांनीच लावला होता, आणि आज गुरुवार. चार दिवस त्या पिनेवरून चालत होत्या आणि पायाने चकार शब्द काढला नव्हता.

रुग्णवाहिकेच्या फोनवर त्या बावीस वर्षं बसत होत्या. तिथे सगळेच त्यांना मावशी म्हणत. वाईट फोन संपला की छाती धडधडायची. मग मनात देवाचं नाव घ्यायचं आणि बरणीतली गोड गोळी तोंडात टाकायची. शेजारची मुलगी चिडवायची, "मावशी, पेशंटचं देव जाणे, गोळ्यांचा दुकानदार मात्र तुम्ही जगवलात."

अंगठा बघून डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. साखर भलतीच वाढली होती. मावशींनी गोळ्यांची कबुली दिली.

"नुसत्या गोळ्याच नाहीत," डॉक्टर म्हणाले. "माणूस घाबरला की पळायला बळ हवं म्हणून शरीर रक्तात साखर सोडतं. तुम्ही रोज घाबरता आणि खुर्चीत बसून राहता. वर आणखी गोड."

"पण दुखत नाहीये."

"त्याचीच तर काळजी आहे. साखरेने पायाच्या नसा बधिर झाल्यात."

अंगठा राहील की नाही, ते आठवड्याने कळणार होतं.

नवरा नको म्हणत होता, पण बदली माणूस मिळेना. एकच पाळी, म्हणून मावशी पाय स्टुलावर ठेवून बसल्या. तिसरा फोन एका म्हातारबांचा. पायाचं बोट काळं पडलं होतं. सून उगाच घाबरवते, असं त्यांचं म्हणणं.

"दुखतंय का, बाबा?"

"छे हो, काहीच नाही. सवडीने पाठवा गाडी."

समोरच्या फॉर्मवर पहिला रकाना वेदनेचा. 'नाही' लिहिलं की फोन रांगेत शेवटी. बावीस वर्षांत असे किती जण आपण शेवटी बसवले असतील? पहिली मोकळी झालेली गाडी मावशींनी म्हातारबांकडे वळवली आणि पाय टेकू नका म्हणून बजावलं.

फोन ठेवला. धडधड सुरू झाली. हात सवयीने बरणीकडे गेला, झाकणावरच थांबला. मग तो टेबलाखाली वळला. पट्टीतला अंगठा त्यांनी चिमटीत धरला. दाबला. आणखी दाबला.

"दुख ना रे," मावशी हलकेच म्हणाल्या.