तोमीच्या घरातली चौथी वाटी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक अंगण डोळ्यांपुढे आणा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तुमची बरोबर अकरा पावलं भरतात. एका कडेला पाण्याचा रांजण, दुसऱ्या कडेला जळण रचून ठेवलेलं, मध्ये पोत्यावर तुरीच्या शेंगा वाळत घातलेल्या. समोर दार आहे, पण ते आतून लावलेलं आहे आणि उघडायचं नाही अशी ताकीद आहे. शाळेला कुलूप. गल्लीत एक पोर दिसत नाही. अकरा पावलं तिकडं, अकरा पावलं इकडं. सांगा बरं, किती चकरा माराल?

आता त्या अंगणात दहा वर्षांची एक मुलगी उभी करा. तिचं नाव भागीरथी, पण घरात सगळे तिला भागूच म्हणत.

गाव ताडकळस, साल एकोणीसशे चौऱ्याण्णव, दिवस संक्रांतीचे. औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय त्याच आठवड्यात झाला होता. ज्या नावासाठी माणसांनी सोळा वर्षं मार खाल्ला, आपली घरं जळताना पाहिली, ते नाव अखेर मिळालं. कुठं गुलाल उधळला गेला, कुठं दगड उठले. ताडकळसला तसं काही झालं नव्हतं. पण बाजारपेठ बंद होती, चौकात पोलिसांची गाडी उभी होती आणि परभणीची एस.टी. गुरुवारपासून फिरकली नव्हती. कोणत्या घडीला काय होईल याचा नेम नाही, म्हणून मोठ्यांनी पोरं घरात कोंडून घेतली होती.

घरात तिघंच. भागू, तिचे आबा आणि आत्या. आबांचं नाव येडबा. त्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेलं. आता गुडघे बोलायला लागले म्हणून मेंढरं पुतण्याच्या हवाली केली होती. आत्या कासाबाई दोन दिवसांसाठी म्हणून सासरहून आली होती, तीही अडकून पडली. भागूची माय अंबाबाई आणि बाप अंगद मंगळवारीच परभणीला गेले होते. मायच्या मावशीला भेटायला, असं भागूला सांगितलं होतं.

या घराची एक रीत होती. पूर्वी गडीमाणसं मेंढरं घेऊन निघाली की चार-चार महिने परतत नसत. वाटेत लांडगा असे, नदीला पूर असे, कोणाचं काय होईल सांगता येत नसे. म्हणून निघणारा माणूस उंबऱ्याबाहेर उभा राहून ‘येतो’ म्हणे, आणि घरातल्या कोणीतरी ‘ये’ म्हटल्याशिवाय पुढचं पाऊल टाकत नसे. मेंढरं कमी झाली तरी रीत राहिली. आबा तर तंबाखू आणायला निघाले तरी दारात खोळंबून राहत, आणि आत्या मुद्दाम उशीर लावून त्यांची गंमत बघे.

मंगळवारी सकाळी माय उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली होती, “येते गं, भागू.”

भागू रुसली होती. मायनं तिला संक्रांतीच्या बांगड्यांसाठी बाजारात न्यायचं कबूल केलं होतं, आणि आता ती मावशीकडं निघाली होती. भागूनं घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. माय थांबली. पुन्हा म्हणाली, “येते, बाई.” बाहेर जीपवाल्यानं भोंगा वाजवला. आबा आणि आत्या तिकडं गाडीपाशी गाठोडी चढवत होते, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. घोंगडीच्या आत भागूला मायच्या चपला दूर जाताना ऐकू आल्या.

माय येणार नाही, आणि ते आपल्यामुळं, हे तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. दार उघडं असतं तर ती शाळेत गेली असती, खेळली असती, निदान चार घटका विसरली असती. बंद अंगणात विसरायला जागा नव्हती.

आबांना विचारलं तर ते हसत. तुझ्या मायला मावशीनं कोंडून ठेवलंय, तिळाचे लाडू संपवल्याबिगर सोडणार न्हाई म्हणती, असं काहीतरी सांगत. आत्या त्यात भर घाली. दिवसभर घरात अशी थट्टा चाले. भागूही हसल्यासारखं करी आणि पुन्हा चकरा मारायला लागे.

रविवारी मात्र एक गोष्ट घडायची. परसातल्या भिंतीला लहान दार होतं, त्यातून पार्वतीकाकूंच्या घरात जाता येई. काकूंचे यजमान वारले होते, मुलगा औरंगाबादला नोकरीला. त्यानं आईला सोबत म्हणून ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणून दिला होता. त्यावर रविवारी सकाळी एक जपानी कार्टून लागे, बोलणं हिंदीत केलेलं. त्यातल्या मुलीचं नाव तोमी. बशीएवढे डोळे, नाक म्हणजे नुसता ठिपका. तिचे वडील आणि आजोबा यांचं छत्र्या दुरुस्त करायचं दुकान होतं. त्या कार्टूनमध्ये ना लढाई, ना राक्षस, ना जादू. एका रविवारी भात करपला. एका रविवारी मांजर कपाटात अडकलं. एका रविवारी आजोबांना शिंका आल्या, त्या थांबेचनात, आणि तेवढ्यावर अर्धा तास निघाला.

त्या रविवारी आबाही भागूबरोबर आले. थोडा वेळ पाहून म्हणाले, “हे काय लावलंय? पोरगी उठती, जेवती, झोपती. हे तर आमच्या घरात फुकट दिसतंय.”

काकू तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, तेच बरं असतं, डोक्याला ताप नाही. आबांनी जांभई दिली आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन येतो म्हणून उठले. दारात थांबले. काकूंनी ‘या’ म्हटलं तेव्हा गेले.

पडद्यावर तोमी शाळेला निघाली होती. पायात बूट चढवून ती दाराशी उभी राहिली, घराकडं वळून म्हणाली, “मैं जा रही हूँ.” वडील आणि आजोबा तर पुढच्या दुकानात होते, ग्राहकांशी बोलत होते. घरात कोणी नव्हतं. तरी तोमी क्षणभर तशीच उभी राहिली. मग दार सरकवून उड्या मारत गेली.

भागूनं हे दिवाळीपासून दर रविवारी पाहिलं होतं. आज तिला पहिल्यांदा तो थांबलेला क्षण दिसला.

ती पुढं सरकून बसली. संध्याकाळ झाली, जेवणाची वेळ. वडिलांनी वाट्या मांडल्या, एक, दोन, तीन, चार. मग कपाळावर हात मारून म्हणाले, लो, फिर भूल गया. चौथी वाटी त्यांनी उचलली आणि डोक्यावर टोपीसारखी ठेवली. आजोबा हसले, तोमी हसली, मागून हसण्याचा आवाज आला. काकूही हसल्या.

भागू हसली नाही. “काकू,” ती म्हणाली, “तोमीची माय मेलीय.”

काकूंचा हात शेंगेवर थांबला. “काहीतरीच. तसं कधी दाखवलं नाही त्यांनी.”

“दाखवत न्हाईत. पण दर टायमाला वाट्या चारच मांडतेत. अन् ती कुणाला सांगायलीय जाती म्हून? घरात तर कुणीच न्हाई. कुणी ये म्हणतंय का बघती, मग जाती.”

काकूंनी पडद्याकडं पाहिलं. तिथं वडील अजून वाटी डोक्यावर घेऊन नाचत होते.

“मग एवढे हसतात कशाला गं?” त्यांनी विचारलं. वयानं साठीच्या बाई, पण प्रश्न खरोखरच विचारला होता.

“तिनं काही पुसू नये म्हून,” भागू म्हणाली. “तिला बी ठावं हाय. ती बी हासती, त्यांना वाईट वाटू नये म्हून.”

असं बोलून होईपर्यंत आपलं बोलणं तिच्याच कानावर पडलं होतं. तिनं उठून परसातलं दार गाठलं. कार्टून अजून संपलं नव्हतं.

घरी आल्यावर ती रांजणापाशी बसली आणि तोमीचं घर पाहावं तसं तिनं आपलं घर पाहिलं. आत्या भाकरी थापत होती आणि गाणं गुणगुणत होती. पण तिच्यापुढं काल रात्रीची भाकरी तशीच होती, एक तुकडासुद्धा मोडलेला नव्हता. आबा गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत आले, पाणी प्यायले, आणि पुन्हा गेले. तंबाखूची डबी कमरेलाच होती, म्हणजे आणायला काही गेले नव्हते. ते रस्ता बघायला जात होते. सकाळपासून किती वेळा गेले होते कोण जाणे.

आबा परत आले ते हसतच. म्हणाले, एक बातमी हाय, तुझ्या मायनं आता चकल्या करायला घेतल्यात.

“आबा,” भागू म्हणाली, “मायला काय झालंय?”

आबांनी आत्याकडं पाहिलं. आत्यानं तव्याकडं पाहिलं. मग आबांचं हसू हळूहळू उतरलं, आणि त्यांचा चेहरा किती थकला आहे ते भागूला दिसलं. ते तिच्याजवळ जमिनीवर बसले. मायच्या पोटात गाठ होती, त्यांनी सांगितलं. परभणीच्या मोठ्या दवाखान्यात शुक्रवारी ती कापून काढायची होती. संध्याकाळच्या गाडीनं अंगद येऊन काय झालं ते सांगणार होता. गाडीच आली नाही. आज रविवार. माय कशी आहे, आहे की नाही, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

भागूनं सगळं ऐकून घेतलं. मग जे पाच दिवस पोटात होतं ते बाहेर आलं.

“माय दोनदा येते म्हणली. म्या ये म्हणलं न्हाई.”

मुलांनो, दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, वेडी का काय, असं कुठं असतं का. आबांनी तसं म्हटलं नाही. ते त्या रितीतच म्हातारे झाले होते. त्यांनी डबी काढली, नुसतीच हातात फिरवली.

“म्या तुझ्याएवढा असताना माझ्या मायचं बी असंच झालं व्हतं,” ते म्हणाले. “आमी मेंढरं घेऊन निघालो, ती भांड्याच्या आवाजात ये म्हणायची राहिली. मग तीन कोस पळत आली मागं. बांधावर गाठलं, दम लागलेला, ये म्हणली अन् माघारी गेली. आमाला लय हासू आलं.”

“उशिरा म्हणलेलं चालतंय?”

“तोंडावर जाऊन म्हणावं लागतंय. मागून चालत न्हाई.”

भागूनं विचारलं, आबा स्वतः का गेले नाहीत? एस.टी. नसली म्हणून काय झालं, सगळा जिल्हा पायाखाली घातलेला माणूस. आबांनी डबी पुन्हा कमरेला खोचली. पिंगळीपर्यंत शेताशेतानं चार कोस वाट होती, तिथून रेल्वे, आणि रेल्वे चालू आहे असं दूधवाल्यानं कालच सांगितलं होतं.

“गेलो असतो तर तू पुसलं असतंस, आबा कुठं चाललेत. तुला कळू द्यायचं नव्हतं. म्हून बसलो.”

म्हणजे दाराची कडी एकट्या भागूसाठी नव्हती. तिच्यापासून लपवायचं म्हणून आबा अडकले होते, आत्या अडकली होती, आणि तिघंही अंगणात एकमेकांना हसवत बसले होते.

“आता तर कळलंय,” भागू म्हणाली.

आत्यानं बरीच कुरकूर केली. पोरीला कशाला, वाटेत काय होईल, गुडघे आहेत का तुमचे चार कोसांचे. पण बोलता बोलता ती भाकऱ्या फडक्यात बांधत होती. आणि आबा उंबऱ्याबाहेर जाऊन तोंड उघडणार, तेवढ्यात तिनंच घाईनं ‘या’ म्हटलं, दोघांना मिळून एकदा, आणि भागूला वेगळं एकदा.

ऊन अजून कोवळं होतं. गावामागच्या ओढ्यातून ते वर चढले तेव्हा समोर हरभऱ्याचं रान पसरलं होतं, घाटे भरलेले. आबांना चढानं दम लागला. ते बांधावर टेकले आणि भागूला म्हणाले, तू बी बस घटकाभर, लांब जायचंय.

भागू बसली नाही. बांधाच्या कडेला उगवलेले हरभऱ्याचे चार ढाळे तिनं उपटले, मुळांची माती झटकली आणि भाकरीच्या फडक्यात खोचले. कुणासाठी म्हणून आबांनी विचारलं.

“मायसाठी,” ती म्हणाली. “दवाखान्यात कोण देतंय तिला?”

मग तिनं आबांची काठी उचलून त्यांच्या हातात दिली, आणि त्यांची वाट न पाहता पुढं चालायला लागली.