अकराच्या सुमाराचा राग

मित्रांनो, पोलादपूरच्या बाजारात एसटी स्टँडच्या मागे एक अरुंद गाळा आहे. तिथे खिडकीपाशी उभी असलेली, पायाने चालवायची जुनी शिलाई मशीन म्हणजे मी. माझ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी कधीच पुसली गेली, पण टाका अजून सरळ पडतो.

मैनाबाईंनी मला महाडच्या दुकानातून आणले. टेम्पोत माझे चाक हलू नये म्हणून त्या वाटभर ते धरून बसल्या होत्या. स्वभाव असा शांत, की गिऱ्हाइकाने तीनदा माप बदलले तरी हसून पुन्हा फीत उचलायच्या.

त्यांच्या धाकट्या जाऊबाई आनंदीबाई ऐन तिशीत विधवा झाल्या, तेव्हा मैनाबाईंनीच त्यांना गाळ्यात आणले आणि एका नवरीचे पोलके त्यांच्या हाती दिले. आनंदीबाई मागे सरकल्या.

"माझ्या हातनं नको, जाऊबाय. लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत. तुझ्यासारखे हूक कुणाला लावता येतात? घे."

अशी बारा वर्षे गेली. शिवण माझी, हातशिलाई आनंदीबाईंची. डोंगरावरच्या वाड्यांतून बायका नवरीचे कापड घेऊन आमच्याकडेच यायच्या.

गेल्या वर्षी मैनाबाईंना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळी दिली आणि बजावले, न्याहारीबरोबर घ्या, जेवण चुकवू नका. मैनाबाईंनी गोळी नेमाने घेतली, न्याहारी मात्र सोडली. भाकरीनेच साखर वाढते, असे त्यांना कुणीतरी सांगितले होते. दुपारी दोनपर्यंत पोटात चहाशिवाय काही नसायचे.

मग सकाळी अकराच्या सुमारास त्या बदलू लागल्या. फीत सापडली नाही की चिडायच्या. एकदा दोरा तुटला म्हणून त्यांनी माझ्यावर कात्री आपटली. माझ्या चाकावर पडणारा त्यांचा हात थंड असायचा, घामाने ओला, थरथरणारा. दोन वाजता जेवल्या की पुन्हा पहिल्यासारख्या. "वय झालं, स्वभाव बिघडला," असे बाजारात लोक म्हणू लागले. मुंबईहून मुलगा साहिल फोनवर सांगायचा, "आय, टेन्शन नको घेऊ गो."

लग्नसराईत एकदा अकराच्या सुमारास आनंदीबाई एका नवरीच्या हिरव्या पोलक्याला हूक लावत होत्या. दारात दोन गिऱ्हाइके उभी होती.

"हात लावू नको त्याला!" मैनाबाई एकदम ओरडल्या. "नवरा गिळलास, आता या पोरीच्या संसाराला नजर लावतेस?"

आनंदीबाईंनी सुई उशीला टोचली. पोलक्याची घडी केली, माझ्यावर ठेवली आणि चप्पल घालून निघून गेल्या.

जेवण झाल्यावर मैनाबाईंनी शेजारच्या फुलवाल्या सोनाबाईंना विचारले, "आनंदी कुठं गेली गो? सांगून पण नाय गेली." त्यांना खरोखरच काही आठवत नव्हते. सोनाबाईंनी सकाळचे सगळे ऐकले होते, पण त्या हार ओवत राहिल्या. मी तर मुकीच.

त्यानंतर आठ दिवस आनंदीबाई फिरकल्या नाहीत. नवव्या दिवशी माझी सुई मैनाबाईंच्या बोटातून आरपार गेली, आणि त्या नुसत्या हसत बसल्या. सोनाबाई धावल्या. त्यांनी सुई सोडवली, गावातल्या आशा सेविका श्रुतिकाला बोलावले. श्रुतिकाने रक्ताचा थेंब तपासला. साखर पन्नासच्याही खाली. तिने साखरेचे पाणी घोट घोट पाजले. हळूहळू मैनाबाईंच्या डोळ्यांत ओळख परतली.

"काकी, साखर इतकी उतरली की माणूस चिडतं, वाट्टेल ते बोलतं. मागून त्याला आठवत पण नाय," श्रुतिका म्हणाली. "आजच डॉक्टरांकडे चला."

मैनाबाई सोनाबाईंकडे वळल्या. "मी आनंदीला काय बोलले गो?"

सोनाबाईंनी खाली बघून सांगितले. मैनाबाई बोट धरून बसून राहिल्या. रक्त ठिबकत होते, तिकडे त्यांचे लक्षच नव्हते.

डॉक्टरांनी गोळीचे प्रमाण बदलले. मैनाबाई सकाळची भाकरी खाऊ लागल्या. राग गेला, थरथर गेली. काही दिवसांनी आनंदीबाई आपली कात्री न्यायला आल्या.

"ते माझं बोलणं नव्हतं गो, आनंदी," मैनाबाई म्हणाल्या.

"ठाऊक हाय. श्रुतिकानं सांगितलं. राग नाय माझा." आनंदीबाईंनी कात्री उचलली. "पण जाऊबाय, आता हूक हातात घेतला की तेच ऐकू येतं."

"मग कात्री राहू दे. दुसरं काय पण शिव. पण हितं बस."

आनंदीबाई बसल्या. आजही बसतात. शाळेचे गणवेश करतात, सदऱ्यांना बटणे लावतात. नवरीचे पोलके पुढ्यात आले की काही न बोलता ते मैनाबाईंकडे सरकवतात. मैनाबाईंचे हूक वाकडे लागतात. त्या उसवतात आणि पुन्हा लावतात.

मित्रांनो, त्या थंड, ओल्या हाताची खबर सगळ्यांत आधी मला होती, पण मला बोलता येत नाही. तुम्हाला येते. तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल आणि ते शांत माणूस अचानक घामाघूम होऊन खेकसू लागले, तर त्याच्या स्वभावाला नावे ठेवू नका. त्याची साखर तपासा, शुद्धीत असेल तर गोड काही द्या, डॉक्टरांना कळवा. आणि त्याआधी नुसते जवळ जाऊन विचारा, "सकाळपासून काही खाल्लंस का?"

आमच्या गाळ्यात एवढे विचारायला कुणाला सुचले नाही.