मार्लिसचा कोपरा

मित्रांनो, मी एक जुने काचेचे भांडे आहे. लांबट, उथळ, ओव्हनमध्ये ठेवायचे. माझ्या एका कडेचा टवका उडाला आहे.

भट्टीतून निघालो तेव्हाचे फारसे काही आठवत नाही. आठवते ती फक्त धग, आणि नंतर खोक्यातल्या पेंढ्याचा वास. लग्नाच्या आहेरात मी अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका शेतावर, ऑर्फा लिंडक्विस्टच्या घरी आलो. तिने माझ्या तळाशी चिकटपट्टी लावून त्यावर स्वतःचे नाव लिहिले, कारण आमच्या गावात भांडी फार फिरतात. कुणाकडे बाळ झाले, कुणाचे कोठार जळाले, कुणी वारले, की बायका आधी ओव्हन पेटवतात आणि मग डोळे पुसतात. खाली खिमा, त्यावर घेवड्याच्या शेंगा आणि मश्रूमचे सूप, वर बटाट्याचा खरपूस थर. याला आम्ही हॉटडिश म्हणतो. रविवारी चर्चच्या तळघरातल्या जेवणाला माझ्यासारखी वीस भांडी रांगेने मांडलेली असत, पण सगळ्यांत आधी रिकामा होई तो मीच.

"ऑर्फा, यात घालतेस तरी काय गं?" बायका विचारत.

"तुम्ही घालत नाही ते," ऑर्फा म्हणे. "मीठ!"

तिची एकुलती मुलगी मार्लिस. तिला माझा डावा कोपरा हवा असे, जिथे सगळे करपून काचेला चिकटते. ती तिथे चमच्याने अशी खरवडत बसे की तिचे वडील अर्विड ओरडत, "अगं, आता भांडं खातेस का काय!"

मार्लिस सतरा वर्षांची होती त्या मार्चची गोष्ट. हिवाळाभर आमचे लोक गोठलेल्या तळ्यावरून गाड्या नेतात. त्या दुपारी शेजारच्या हॉगनांचा ड्वेन तिला शाळेतून घरी आणत होता. रस्त्याने वळसा पडतो म्हणून दोघे तळ्यावरून निघाले. मध्यावर बर्फ खचला आणि गाडी पाण्यात गेली. ड्वेन वर आला. मार्लिस आली नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात तीस भांडी आली. मी कपाटात रिकामा होतो. एकतिसावे भांडे घेऊन ड्वेनची आई बर्निस आली. ऑर्फाने दार उघडले.

"तुझं लेकरू आलं ना घरी? त्याला वाढ हे," ती म्हणाली आणि तिने दार लावले.

बर्निस भांडे पायरीवर ठेवून गेली. त्यावर बर्फ साचला. दोन दिवसांनी अर्विडने ते गुपचूप परत नेऊन दिले.

मित्रांनो, दोन घरांच्या मध्ये फक्त एक मक्याचे शेत होते. तरी बावीस वर्षे इकडचा शब्द तिकडे गेला नाही.

दर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला नातलग जमत. टर्की भाजलेली असे, शेजारी मी असे, आणि एका रिकाम्या खुर्चीपुढे ताट मांडलेले असे. माझ्या डाव्या कोपऱ्याला कुणी हात लावत नसे. एका पाहुण्याने एकदा चमचा नेला, तर ऑर्फा शांतपणे म्हणाली, "तो मार्लिसचा." पाहुण्याने चमचा मागे घेतला. पाहुणे गेले की ऑर्फा एकटीच बसून तो कोपरा खरवडत राही. खात नसे. नुसता आवाज ऐकत असे. आणि खरे सांगतो, अशा वेळी मला वाटे की चमचा तिच्या हातात नाही, मार्लिसच्या हातात आहे.

पुढे अर्विड वारला. मग एका वसंतात बर्निस गेल्याचे कळले. ऑर्फा खिडकीपाशी बराच वेळ उभी राहिली. मग तिने ओव्हन पेटवला.

मला टॉवेलात गुंडाळून ती शेतातून चालत हॉगनांच्या दारी गेली. ड्वेनने दार उघडले. त्याचे केस पिकले होते. लग्न त्याने केलेच नव्हते.

"मिसेस लिंडक्विस्ट... तुम्ही?"

"आत घेणार आहेस, का इथेच हात भाजू देणार आहेस?"

त्याने घाईने टेबल मोकळे केले. दोघे समोरासमोर बसले. मी मध्ये.

"एक विचारायचं राहिलंय," ऑर्फा म्हणाली. "ती घाबरली होती का रे?"

ड्वेनने माझ्याकडे पाहिले.

"गाडीची काच अर्धीच खाली झाली होती," तो म्हणाला. "तिनं मला आधी ढकललं. पाय लावून. म्हणाली, 'सरक की, जाड्या!' वर आल्यावर मी हात खाली घातला होता हो. पुष्कळ वेळ घातला होता."

"हे कधी बोलला नाहीस."

"कुठल्या तोंडानं बोलू? मी वाचलो म्हणून ती खालीच राहिली."

 ऑर्फाने चमचा उचलला, माझा डावा कोपरा खरवडून काढला आणि त्याच्या ताटात वाढला.

"खा," ती म्हणाली. "गार होतंय."

त्या चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, ती ड्वेनच्या गाडीतून तळ्यावर गेली. मी तिच्या मांडीवर होतो. काठावर झेंडे, कलिंगडे, पाण्यात मुलांचा दंगा, सारे गाव लोटले होते. बावीस उन्हाळे तिने ते पाणी पाहिले नव्हते. मला टेबलावर ठेवून ती काठाशी गेली. बूट भिजले तरी थांबली नाही. आणि तिने हाक मारली, "मार्लिस! जेवायला चल!"

सगळे गाव तिच्याकडे वळले. पाणीही हलेना असे वाटले. तेवढ्यात पाण्यातून एक लहान मुलगी कुडकुडत बाहेर आली. गावात नवीन आलेल्या कुणाची तरी होती; नाव नाही, 'जेवायला चल' एवढेच तिला ऐकू आले असावे.

"आजी, मला बोलावलंत?"

 ऑर्फा म्हणाली, "हो. आधी अंग पूस."

ऑर्फाला जाऊनही आता बरीच वर्षे झाली. हल्ली मी चर्चच्या तळघरात असतो. मित्रांनो, मला जपून धुवा, एवढे तर मी मागेनच. पण कुणाला काही विचारायचे राहिले असेल, तर आजच त्याच्या दारी जा. थांबलात म्हणून उत्तर बदलत नाही. फक्त ते सांगणाऱ्याचे केस पिकतात.