पियाल्याचं वय

"निघालं गं बाई, निघालं! वय निघालं!"

उमीदा-आपांच्या अंगणात, द्राक्षांच्या मांडवाखाली पंधरा बायका एकदम ओरडल्या. कोकंद शहरातल्या या गल्लीतल्या बायका महिन्यातून एकदा कुणाकडे तरी जमायच्या, पुलाव चापायच्या, चहा ढोसायच्या आणि अख्ख्या जगाची उणीदुणी काढायच्या. आज मात्र जग सुटलं होतं, कारण आज वय उतरवणारा लेप विकणाऱ्या शोहिस्ता-बिबी आल्या होत्या.

बिबींनी उमीदा-आपांच्या गालावर बरणीतला करडा लेप फासला, दोन बोटांनी गोलगोल चोळला आणि काय सांगावं! गालावरून करड्या शेवया सुटायला लागल्या.

"ही बघा तुमची चाळिशी," बिबींनी एक शेवई उचलून सगळ्यांना दाखवली. "ही पस्तिशी. आणि ही जाडजूड आहे ना, ती सासूबाईंच्या राज्यातली वर्षं!"

बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. कोपऱ्यात बसलेली मुहाय्योही हसली, मग स्वतःवरच वैतागली. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. वय काय कपड्यावरची धूळ आहे, झटकलं की गेलं? पण हे बोलायचं कुणाला? उमीदा-आपा आरशात बघून लाजत होत्या, पोरीसारख्या.

"यात आहे काय?" तिने विचारलं.

"सात डोंगरांपलीकडच्या झऱ्याचं पाणी, चाळीस फुलं, आणि एक वस्तू जिचं नाव घेतलं की गुण जातो."

'नाव घेतलं की गिऱ्हाईक जातं,' मुहाय्यो मनात म्हणाली.

तेवढ्यात तिला 'खोला', म्हणजे मावशी, म्हणणारी तिची भाची नोझिमा पुढे सरकली. तीन आठवड्यांवर पोरीचं लग्न. दुसऱ्या दिवशी सासरच्या सगळ्या बायकांसमोर तोंडावरचा पडदा उचलणार. आणि तोंडावर ही मुरमं! पाच आठवड्यांपूर्वी मुहाय्योनेच तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं होतं. "रोज रात्री हे मलम, वाटाण्याएवढं. आठ आठवडे धीर धरायचा," असं त्यांनी बजावलं होतं. कपाळ स्वच्छ झालं होतं, गाल निवत आले होते, हनुवटी तेवढी हट्टाला पेटली होती.

"डॉक्टरचं मलम? अगं, त्याने मुरमं आत दडतात!" बिबींनी कपाळाला हात लावला. "फेक ते. हे दिवसातून पाच वेळा चोळ. खसाखसा!"

नोझिमाने पर्समधून मलमाची नळी काढली आणि खरबुजाच्या सालींच्या बादलीत टाकून दिली.

"नोझिमा!"

"खोला, तुम्ही गप्प बसा ना! लोक माझ्या तोंडाकडे बघणार आहेत, तुमच्या नाही!" पोरीचे डोळे भरून आले होते.

मुहाय्योने रागारागाने चहाचा पियाला उचलला. त्याच्या पोटाला लेपाचा एक ठिपका उडाला होता. तिने तो अंगठ्याने पुसायला घेतला. पुसेना. जोरात चोळला.

पियाल्यावरून करडी शेवई सुटली.

मुहाय्यो बघतच राहिली. मग तिने पुढे होऊन बिबींच्या बरणीत सरळ बोट घातलं, पियाल्याला लेप फासला आणि चोळायला लागली. शेवयाच शेवया!

"रोबिया-बुवी," तिने ऐंशी वर्षांच्या शेजारणीला हाक मारली, "या पियाल्याचं वय किती?"

"गेल्या शुक्रवारीच उमीदाने माझ्यासमोर बाजारातून घेतला की गं!" बुवींनी डोळे बारीक करून पाहिलं. "अगं बया! आठवड्यात इतका म्हातारा झाला?"

मग काय विचारता! एकीने चहाच्या किटलीचं वय काढलं, दुसरीने खरबुजाचं. बुवींनी तर आपल्या चपलेचं काढलं आणि म्हणाल्या, "ही माझ्याहून थोरली निघाली!" हसता हसता उमीदा-आपांना ठसका लागला.

"लेपात खळीसारखा चिकट पदार्थ आहे," मुहाय्यो म्हणाली. "चोळला की सुकतो आणि त्याच्याच वळ्या होतात, खोडरबराच्या चुऱ्यासारख्या. कातडीची चार टरफलं अडकतही असतील त्यात, पण वय नाही. गाल लाल दिसतात ते रगडल्यामुळे. सुरकुत्या कमी हव्यात तर उन्हापासून तोंड जपा. आणि मुरमं आधीच सुजलेली असतात, नोझिमा. ती रगडशील तर आणखी भडकतील."

"ज्याची श्रद्धा नाही, त्याला..." बिबींनी सुरुवात केली.

"पियाल्याची कुठे होती श्रद्धा?" बुवी म्हणाल्या.

उमीदा-आपांनी मुकाट्याने किटली उचलली. पाहुण्याला चहा अर्धा पियाला द्यायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा आग्रहाने ओतता येतो. बिबींचा पियाला त्यांनी काठोकाठ भरला. निघा आता, असं याहून स्पष्ट कोकंदमध्ये कुणी सांगत नाही. बिबींनी बरणी गुंडाळली आणि चहा न पिताच वाट धरली.

नोझिमाने बादलीत हात घालून नळी शोधली, धुतली, ओढणीच्या टोकाने पुसली. "खोला, चुकलं माझं," ती म्हणाली. मुहाय्योने तिला जवळ ओढलं. तिलाही रडू येत होतं, पण हसूच जास्त येत होतं.

बायांनो, कुणी चमत्कार दाखवला तर टाळ्या खुशाल वाजवा, पण हातची औषधं फेकण्याआधी एवढं विचारा की हे दुसऱ्या कशावरही होतं का. विचारायला पैसे पडत नाहीत, आणि चेहरा एकच असतो.

पडदा उचलला त्या दिवशी नोझिमाच्या हनुवटीवर दोन मुरमं होतीच. ती जीव मुठीत धरून उभी होती. सासूबाईंनी तिचा चेहरा न्याहाळला, कपाळाचा मुका घेतला आणि कानाशी लागून म्हणाल्या, "पोरी, गाल किती निवले तुझे! डॉक्टरचं नाव सांग. माझी धाकटी लेक मुरमांपायी वर्षभर आरसा बघत नाहीये."