आगीत सोडलेलं आख्यान

आमच्या सिहोऱ्यात एक रीत आहे. कीर्तनात भक्त संकटात असेल तोवर कोणी उठायचं नाही. बुवांनी भक्ताला उकळत्या तेलाच्या कढईत उभा केलेला असो, घरी दूध उतू जात असो, बसून राहायचं. तो सुखरूप बाहेर आला, गजर झाला, की मग उठायचं. मधेच उठलं तर ते संकट पदराला धरून घरी येतं म्हणतात. मी ही रीत जन्मभर पाळली. माझी शेजारीण सत्यभामाबाई माझ्याहून कडक.

म्हणूनच त्या रविवारी घोळ झाला.

सत्यभामाबाईंची लेक रेणू रसायनशास्त्र शिकलेली. समुद्रात तेलाच्या विहिरी खणणाऱ्या एका कंपनीत तिला नोकरी लागली होती, आणि सोमवारी दुपारी तुमसर रोडवरून तिची गाडी होती. नेमका रविवारी टीव्हीवर तेलविहिरीला आग लागल्याचा एक इंग्रजी सिनेमा हिंदीतून लागला.

"निर्मलाबाई, या वो! पोट्टी कुठं जाऊन राहिली, थे पाहू तरी," अशी हाक आली आणि मी गेले.

काय ते लोखंडाचं गाव! चार खांबांवर, खाली नुसतं पाणी. आम्ही प्रश्नांनी रेणूला भंडावून सोडलं.

"भाकरी कोण टाकते वं तिथं?"

"मेस असते, आई."

"अना रात्री झोपेत गडी पडला पाण्यात तं?" हे तिचे वडील, भोजराजभाऊ.

"बाबा, कठडे असतात."

बोलता बोलता पडद्यावर धडाका झाला. ज्वाळा आभाळाला. एक माणूस कठड्याशी उभा, मागे आग, खाली काळं पाणी, आणि लाइन गेली. गावच्या डीपीचा फ्यूजच उडाला. सहा वाजता लाइन आली तेव्हा त्या माणसाच्या जागी केसांच्या तेलाची जाहिरात चालली होती.

सत्यभामाबाई टीव्हीसमोर बसूनच होत्या. म्हणाल्या, "आता रेणू जाणार नाही."

"काहून?" भोजराजभाऊ दचकले.

"आख्यान आगीत सोडलं आपण. तेही तिच्याच कामाचं. अशा वक्ताले मी लेकीले उंबरा ओलांडू देऊ?"

"अगं आई, मी पाहिलाय तो, होस्टेलवर. शेवट मी सांगते."

"तू सांगशीन गोडगोड. तुले जायचं आहे."

रेणू हसायला गेली आणि आईचं तोंड पाहून थांबली.

मग तोड विचारायला आम्ही सगळे देवळात परसरामबुवांकडे गेलो. दिवसा धानाचा व्यापार, संध्याकाळी त्याच मारुतीच्या देवळात कीर्तन. आवाज असा गोड की माझ्यासारखीचा दिवसभराचा शीण पहिल्या नमनातच उतरतो. बुवांनी कपाळाला बुक्का लावता लावता सगळं ऐकून घेतलं.

"बाई, मी थो सिनेमा पाहिला नाही. न पाहिलेलं सांगीन तं उद्या देवापुढं उभा कसा राहू? पाहिलं तिनं, सांगीनही तीच. पण इथून सांगीन. या जागेवरून खोटं बोलवत नाही कोणाच्यानं."

आणि त्यांनी स्वतः बाजूला होऊन रेणूला आपल्या जागी उभं केलं. समोर आम्ही पंचवीस-तीस बाया, थोडे गडी. 'सगळे वाचले', एवढे दोन शब्द बोलली असती, तर तिची गाडी पक्की होती.

रेणूनं आधी आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "कठड्याजवळचा माणूस उडी मारतो. तो वाचतो. पण सात जण परत येत नाहीत."

सत्यभामाबाईंनी पदर तोंडाशी धरला. पण त्यांच्यातली श्रोती गप्प बसेना.

"आग लागली काहून?"

"विहीर खणताना आत चिखल सोडतात, आई. जड चिखल. खालचा वायू वर उसळायला पाहतो, त्याला तो चिखल दाबून ठेवतो. त्यांनी घाईघाईत पातळ केला."

"चिखल?" सत्यभामाबाई पुढे सरकल्या. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत शेताच्या बांधीत पाय ठेवताच चिखल जमला की नाही हे सांगणारी ती बाई. "मोजत नव्हतं का कोणी?"

"एक माणूस होता. छोट्याशा तराजूवर चिखल तोलायचा. माझं काम तेच राहणार आहे."

"मंग थ्यानं सांगतलं नाही?"

"सांगितलं. साहेब घाईत होते. त्यानं एकदाच सांगितलं, हळू आवाजात. मग गप्प बसला."

"तू कशी सांगशीन?"

रेणू गोंधळली. "सांगेन... सर, चिखल पातळ आहे. काम थांबवा."

"आवाज येत नाही वं!" मागून सीताबाई ओरडली. हळू बोलायची सूट आमच्याकडे बुवांनासुद्धा नाही.

"सर, चिखल पातळ आहे! काम थांबवा!"

"साहेब म्हणते, उद्या पाहू," सत्यभामाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे लेकीवर खिळलेले.

"उद्या नाही! आता थांबवा!"

"नाही आयकत मी. तू नवीन पोट्टी. तुले का समजते?"

आणि मग रेणूच्या पोटातून असा आवाज निघाला की मृदंगावर डुलक्या घेणारे यादोराव दचकून सरळ झाले. "थांबवा म्हणते ना! तोलून पाहिलंय मी, हे पाहा!" तिनं हात पुढे केला होता, जणू त्यात तराजू होता.

घामानं ओलं झालेलं लेकीचं कपाळ सत्यभामाबाई पाहत राहिल्या. परसरामबुवाही टाळ न वाजवता तसेच उभे.

शेवटी भोजराजभाऊंनीच घसा खाकरला. "गाडी किती वाजता आहे, वं?"

"साडेतीनले," सत्यभामाबाई म्हणाल्या. "ऑटो दीडले सांगून ठेवा. अना आता गप बसा, बुवाले सुरू करू द्या."