कौल मिळेपर्यंत

पाणी वाढताना राजेश्री तांब्या भांड्यापासून वीतभर उंच धरायची. धार सरळ पडली तरी चार थेंब बाहेर उडत आणि गोठ्यालगतच्या पडवीतली फरशी तेवढीच ओली होई. शिवाशिव होऊ नये म्हणून किती उंचावरून ओतायचं, हे चतुराबाईंनीच सुनेला लग्नानंतरच्या पहिल्या पाळीत ओतून दाखवलं होतं. आता त्या स्वतः त्या धारेखाली भांडं धरून बसल्या होत्या.

पाळी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर त्यांच्या अंगावरून पुन्हा जाऊ लागलं. घरात कुणी त्याला आजार म्हटलं नाही. परत अडचण आली, एवढंच ठरलं आणि जर्मनची ताटली, भांडं नि घोंगडी घेऊन त्या पडवीत आल्या. बायका चार दिवस बाहेर बसतात. चतुराबाई दिवाळीपासून बसल्या होत्या आणि आता ऊन तापू लागलं होतं. नात भक्ती उंबऱ्यापर्यंत येई, तिथूनच वही उंच करून दाखवी आणि पळून जाई. पिंगळीच्या स्टेशनात गाडी थांबल्याचा आवाज आला, की चतुराबाई ती सुटेपर्यंत कान देऊन बसत.

शेवटी गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी त्यांना परभणीच्या दवाखान्यात नेलं. तपासणीत गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर सुकेशनी खुर्ची ओढून जवळ बसली आणि तिनं त्यांचा हात हातात घेतला. इतक्या महिन्यांत कुणी शिवलं नव्हतं. चतुराबाईंना आधी तेच सोसेना.

"माज्या अंगाला कळलं न्हाई का, आत चोर शिरलाय ते?"

"कळतं, मावशी. अंगात लढणाऱ्या पेशी असतात, आणि त्यांना आवरणाऱ्याही. दोन्ही लागतात. कुणी आवरलं नाही तर लढणाऱ्या आपलंच अंग पोखरतील. पण गाठीभोवती आवरणाऱ्या फार जमल्या, की लढणाऱ्या नुसत्या उभ्या राहतात. तोल जातो आणि गाठ वाढते."

"म्हंजी आमच्या घरावानीच की," चतुराबाई म्हणाल्या. डॉक्टर हसली; त्या हसल्या नाहीत.

"आजार अजून लांब पसरलेला नाही. नांदेडला किरणांचे शेक घेतले तर बरं व्हायची चांगली आशा आहे. आणि ताटा-तांब्यातून हा कुणाला लागत नाही."

घरी नवऱ्यानं, भुजंगरावांनी, सगळं ऐकून घेतलं. "देवीचा कौल घेतल्याबिगर या घरातलं माणूस मोठ्या इलाजाला गेलं न्हाई."

"मंग चला की देवीला."

"विटाळात? अकलेचं बोल जरा. आधी थांबू दे."

रक्त थांबल्याशिवाय कौल नाही. कौलाशिवाय उपचार नाही. आणि उपचारांशिवाय रक्त थांबणार नव्हतं. चतुराबाईंना हे पहिल्याच दिवशी उमगलं होतं, पण बोलायचं कुठल्या तोंडानं? असल्या नेमाची राखण त्यांनीच तर जन्मभर केली होती.

आज राजेश्री जेवण घेऊन आली ती खाल मानेनं. "आत्याबाई, दवाखान्यातून परत फोन आला होता. मामंजी बघू म्हणले." तिनं तांब्या उचलला. धार चुकली आणि पाणी चतुराबाईंच्या पायावर सांडलं.

चतुराबाईंनी तिचं मनगट धरलं. तांब्या हळूहळू खाली आणून भांड्याच्या काठाला टेकवला.

बाजेवरून भुजंगराव ओरडले, "शिवली का काय तिला! जा गं, आंघुळ कर आधी!"

"न्हाई करायची ती," चतुराबाई म्हणाल्या. आवाज घोगरा निघाला. बरेच दिवस मोठ्यानं बोलायची सवय राहिली नव्हती. "आन् अवो, तुमी बी ऐका. उद्या सकाळच्या गाडीनं मी नांदेडला जायलेय. कौल नको मला. बरी झाले तर मी देवीला भेटन. न्हाई झाले, तर ती मला भेटन."